बघायचा कांदा

मुलगी त्या वर्षी चतुर्थीला इंग्लंडातून घरी आली, बॅग उघडली आणि लोकरीचा एक मोजा काढून तिने आईच्या हातात दिला. मोजा जड होता, आत पाच-सहा गोळे. आमच्या बायकोने आधी तो दाबून पाहिला, मग त्यात नाक घातलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "कांदो."

"कांदोच," मुलगी म्हणाली. "पण खायचा नाही."

"मगे कित्याक?"

"बघूक."

आता गोव्यातल्या पेडण्याच्या बाईला असलं सांगणं म्हणजे कमालच. आमच्याकडे भात कापलं की मळ्यात कांदा लागतो, मार्च-एप्रिलात निघतो, पातीची वेणी घालून त्याच्या माळा होतात आणि त्या आढ्याला टांगून पावसाळा काढायचा. बायको सिंधुदुर्गातली, सातार्ड्याकडची, पण लग्न होऊन आली ती कांद्यातच आली म्हणायला हरकत नाही. मी आठवडाभर पाळीला खाणीवर असायचो. तिथल्या लॅबोरेटरीत खनिजाचे नमुने तपासायचं काम. शनिवारी घरी यायचो तेव्हा हिच्या हाताला कांद्याचा वास, आणि माझ्या शर्टाला तांबडी धूळ. म्हणजे कांद्याशी माझा संबंध इतकी वर्षं फक्त ताटातच. निवृत्त झालो तेव्हा कुठे कळलं की आपल्या घरामागे मळा आहे आणि त्याबद्दल आपल्याला ओ की ठो ठाऊक नाही.

मुलीने समजावून सांगितलं. तिथल्या तिच्या घराच्या मागे चार हात जमीन आहे. आधीच्या भाडेकऱ्याने कधीतरी हे कांदे पुरून ठेवले होते. दर वर्षी थंडी सरली की ते आपले आपण वर येतात, कमरेइतका दांडा काढतात आणि दांड्याच्या टोकाला जांभळ्या फुलांचा गोल चेंडू फुलतो. स्वयंपाकघरात भांडी घासायची मोरी खिडकीखाली, त्यामुळे भांडी घासताना रोज समोर तोच. "तो बघितला की तू मळ्यात वाकलेली दिसतेस मला," ती आईला म्हणाली. "म्हणून आणला."

बायको मोजा पदराखाली धरून आत गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बायकोला विमानात बसता येत नाही. कानाचं जुनं दुखणं, ऑपरेशन झालेलं, चक्कर येते ती भिंत धरूनही थांबत नाही. डॉक्टरने साफ सांगितलंय, विमान नको. आणि मोपाचा विमानतळ झाल्यापासून विमानं जातात ती आमच्या माडांवरूनच. ही अंगणात कपडे वाळत घालत असली की मान वर करून एकेक विमान दिसेनासं होईपर्यंत बघते. मी चिडवायचो, "काय, पायलटला हात करतेस?" एकदा तिने मला मुलीवरून ऐकवलं. "बाय थय रोज काय बघता तां माका कधी दिसाचा नाय. तुमका मस्करी सुचता."

त्यामुळे तो कांदा आला तेव्हा मला कळून चुकलं, हा साधा कांदा नाही. मुलीच्या खिडकीतलं जे हिला कधी दिसणार नव्हतं, ते मोज्यात बसून घरी आलं होतं. आता फक्त ते फुलायला हवं होतं.

पहिल्या वर्षी डिसेंबरात तिने ते कांदे आपल्या वाफ्यात आपल्याच पद्धतीने लावले. पात आली, निळसर आणि रुंद. आमच्या कांद्याची पात पोकळ, ही चपटी. मी रोज जाऊन बघायचो. नमुने तपासायची सवय, दुसरं काय! पात चिमटीत धरायची, वास घ्यायचा, मुळाशी माती उकरून बघायची. "तेका जगाक तरी दिया," बायको ओरडायची. मार्चमध्ये पात पिवळी पडून आडवी झाली. फूल नाही, कळी नाही, काही नाही. दर रविवारी मुलगी फोनवर विचारायची, "आलं का गो?" आणि ही म्हणायची, "येतला, येतला." शेवटी विचारायचं तीच बंद झाली.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला. का नाही आलं? विहिरीच्या कठड्याशी आमच्याकडे एक कंद आहे, कोणी लावला देव जाणे. वर्षभर त्याचा पत्ता नसतो, आणि मे महिन्यात उघड्या जमिनीतून दांडा येऊन वर तांबडा चेंडू फुलतो. मे फ्लॉवर म्हणतात त्याला. तोही कंदच, तोही जमिनीतच राहतो, आपला मुसळधार पाऊस खातो आणि पुन्हा येतो. मग ह्या इंग्लंडवाल्याचं काय बिनसलं?

मी ठरवलं, एक कांदा जमिनीत तसाच ठेवून बघायचा. बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "पावसात कांदो जमनीत? तुमका कोणी शाणो म्हटला?" मी ठेवलाच. जुलैमध्ये उकरला तर नुसता बुळबुळीत लगदा आणि वास असा की मी दोन दिवस जेवणात कांदा घेतला नाही. बाकीचे कांदे तिने आपल्या बियाण्याच्या कांद्यांबरोबर माळेत गुंफले होते आणि न्हाणीच्या चुलीवर धुरात टांगले होते. आमच्याकडे बियाण्याचा कांदा तसाच राखतात. आंघोळीचं पाणी रोज तापतं, रोज धूर लागतो, कांद्याला कीड नाही की बुरशी नाही. ते इंग्लंडचे कांदे आमच्या कांद्यांच्या मांडीला मांडी लावून पावसाळाभर धूर खात होते. आणि त्यातले तीन चांगले टणक राहिले.

ऑगस्टात डिचोलीला काही कामासाठी गेलो होतो तेव्हा तिथल्या एका नर्सरीवाल्याला विचारलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अंगणात बर्फ पाडायचा उपाय विचारतोय. मग म्हणाला, "त्याला थंडी लागते हो. कडक थंडी, दोन-तीन महिने. ती लागल्याशिवाय त्याला कळत नाही फुलायचं कधी. फ्रिजात ठेवा."

फ्रिजात! मला इतका आनंद झाला की बसमध्ये एकटाच हसत होतो. पण घरी महायुद्ध. ऐन चतुर्थीच्या तोंडावर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कांदे ठेवायचे म्हणजे काय! "कांदो कोण फ्रिजात ठेवता? लोक हसतीत!" मी म्हटलं, लोकांना फ्रिज उघडून दाखवतेस काय? त्यात नर्सरीवाल्याने आणखी एक सांगितलं होतं, जवळ फळं ठेवू नका, फळांच्या वाऱ्याने आतली कळी मरते. मग मी फ्रिजात सफरचंद बंद केलं. केळी तर बंदच. पाहुण्यांनी आणलेली मोसंबीही मी बाहेर काढली आणि बायकोने ती माझ्यासमोर आपटून ठेवली. पण रात्री बघतो तर कांदे कागदाच्या पिशवीत नीट गुंडाळून, पिशवीला भोकं पाडून तिनेच सगळ्यात मागे, सगळ्यात गार जागी सरकवले होते. सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, डबा तिथून काढून वर ठेवला होता. मी फ्रिजचं दार हळूच लावलं. बोलण्याची मला हौस असली तरी अक्कल अगदीच नाही असं नाही.

डिसेंबरात ते बाहेर काढले तेव्हा एकेकाच्या शेंड्याला पांढरा कोंब टोचून वर आला होता. मी म्हटलं, बाल्कांवात, पुढच्या ओसरीवर, कुंडीत लावूया, डोळ्यांसमोर राहतील. ती म्हणाली, कांद्याला कुंडी मानवत नाही, पाटाचं पाणी आधी जिथे पोचतं तिथे ओळीच्या टोकाला लावायचे. कांद्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. लावले.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी पाणी सोडायला गेलो आणि बघतो तर त्या तिघांतल्या एकाच्या पातीतून हिरवा दांडा आलेला. बोटाएवढा. टोकाला मिटलेली टोकदार टोपी. मी तसाच ओरडत घरात गेलो. बायको भाकरी तव्यावर टाकून धावली. ती वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली, हात मात्र लावला नाही. कितीतरी वेळ बघत बसली. तव्यावरची भाकरी जळल्याचा वास अंगणात आला तरी तिला कळलं नाही. त्या रात्री तिने स्वतः मुलीला फोन लावला. एरवी मी लावून द्यायचो.

"इला गो बाये, तुजा फूल इला!"

फोनमधून मुलगी किंचाळली ती मला पलीकडच्या खोलीत ऐकू आली.

आता पुढचं सांगायचं तर आधी डेंगळा म्हणजे काय ते सांगावं लागेल. कांद्याच्या मधोमध फुलाचा जो दांडा येतो तो डेंगळा. बियाण्यासाठी मळ्याच्या एका कोपऱ्यात चार कांदे फुलू देतात, तेवढेच. बाकीच्या वाफ्यात डेंगळा दिसला की तो मोडायचा, नाहीतर सगळं बळ फुलात जातं, कांद्याच्या पोटात लाकडासारखा गाभा होतो आणि तो टिकत नाही. म्हणून फेब्रुवारीत सकाळी आमच्या मळ्यांतून बायका ओळीने वाकून डेंगळे मोडत जातात. आज हिच्या मळ्यात, उद्या तिच्या. दोघी-तिघी मिळून, दोन ओळींत, समोरासमोर, तोंडाने गप्पा आणि हाताने टक्, टक्, टक्. हाताकडे कोणी बघत नाही. हाताला सगळं ठाऊक असतं. मोडलेले डेंगळे ओटीत जमा होतात आणि दुपारी सुकी सुंगटं घालून त्यांची भाजी होते. झकास होते.

त्या सकाळी शेजारीण आली होती. मी विहिरीवर बाल्दी भरत होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं, कारण आमच्याकडच्या बायकांचं हळू बोलणंही रस्त्यापर्यंत पोचतं. बायको तिला मुलीच्या फुलाचीच गोष्ट सांगत होती. मोज्यातून कसा आणला, फ्रिजात कसा ठेवला, ह्यांनी केळी कशी बंद केली. शेजारीण हसून हसून ओळीत बसत होती. "आणि मगे गो," बायको म्हणत होती, "बाय भांडी घासता तेवा जनेलात तेचो असो गोळो दिसता, असो…" आणि ओळ संपली. टक्.

मग काहीच ऐकू आलं नाही. बाल्दी विहिरीच्या काठावर ठेवून मी वळून बघितलं. बायको पाटाच्या बांधावर बसली होती. हातात तो दांडा. शेजारीण उभी, तोंडावर पदर. कोणी काही सांगायची गरजच नव्हती.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, भयंकर आला. इतकी केळी सोडली मी! पण मग तिचा चेहरा पाहिला. आईच्या हातून मूल पडावं तसा तो चेहरा होता. तिने मान वर केली आणि एवढंच म्हणाली, "बोलता बोलता हात गेलो."

आम्ही तो दांडा काचेच्या कोपात पाणी घालून स्वयंपाकघराच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, ठेवला. तिथेच आमची भांडी घासायची मोरी. तिने रोज पाणी बदललं. मी साखर घालून पाहिली, मग मीठ घालून पाहिलं. टोपी उघडली नाही. ती तपकिरी झाली, मग कागदासारखी वाळली. शेवटी मला राहवलं नाही, ब्लेड घेऊन टोपी चिरली. आत इवल्या इवल्या कळ्या दाटीवाटीने बसलेल्या, मोहरीएवढ्या. सगळ्या हिरव्या. रंग अजून यायचाच होता. मी तिला दाखवायला नेलं तर तिने तोंड फिरवलं.

रविवारी फोन आला. "फुललं?"

मी म्हणणार होतो खरं काय ते. पण हिने आपला साधा, बिनकॅमेऱ्याचा फोन माझ्या हातातून घेतला. "फुलला गो. बरा मोठा फुलला."

"फोटो पाठव ना!"

"तुज्या बापाशीचो फोन बिघडलो."

माझा ठणठणीत फोन खिशात होता. मुलगी म्हणाली, "राहू दे. पुढच्या मार्चमध्ये मी रजा काढूनच येते. आपण दोघी मिळून बघूया." बायको "ये, ये" म्हणाली, फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी म्हटलं, अजून दोन कांदे आहेत, धूर आहे, फ्रिज आहे, काळजी करू नकोस. पण पुढच्या पावसाळ्यात चुलीवरची माळ उतरवली तर आमचे कांदे टणक, आणि ते दोघे हातात घेतल्यावर दबले. आत काही उरलंच नव्हतं, नुसत्या साली. दोन वर्षं आमच्या मातीत काढली, तेवढंच त्यांचं बळ असेल. मी त्या साली फोडून, दिव्याकडे धरून खूप बघितल्या. कारण काही सापडलं नाही.

"तिला सांगूया," मी म्हटलं.

"बाय येतली. तेवा बघू."

त्या हिवाळ्यात तिने एक अजब गोष्ट केली. मळ्यात नेहमीप्रमाणे रोप लावलंच, पण स्वयंपाकघराच्या जनेलाखालची जागा खणून तिथे नवा वाफा घातला आणि धुरात राखलेले बियाण्याचे कांदे, चांगले मोठे मोठे, सगळे तिथे पुरले. सगळे! मी म्हटलं, अगं, एवढं बियाणं काय करायचंय? अख्ख्या पेडण्याला वाटणार आहेस? ती म्हणाली, "जनेलातसून तेका कायतरी दिसाक होया." आणि पुढे त्या वाफ्याकडे हात न्यायचा नाही म्हणून तिने स्वतःवरच बंधन घातलं. डेंगळे मोडायचे दिवस आले तेव्हा ती मागच्या दाराने मळ्यात जायची, लांबून, वळसा घालून. हाताचा भरवसा राहिला नव्हता तिला. शेजारीण एकदा कुंपणापलीकडून ओरडली, "अगो, तुजो कांदो फुकट गेलो मगे!" ही म्हणाली, "जावंदे."

मार्च उजाडला आणि जनेलाखाली गंमतच झाली. एकेका कांद्याला तीन-तीन, चार-चार डेंगळे, कमरेच्या वर, आणि प्रत्येकाच्या टोकाला पांढरा गोळा. साधा, आपला, भाजीतला कांदा! इतकी वर्षं कोपऱ्यात चार गोळे असायचे, त्यांच्याकडे मी कधी धड बघितलंही नव्हतं. आता जवळ जाऊन बघितलं तर एकेका गोळ्यात शेकडो चांदण्या, प्रत्येक चांदणीच्या पाकळीवर हिरवी रेघ. मधमाश्या तर इतक्या की सकाळी स्वयंपाकघरात त्यांची गुणगुण ऐकू यायची. रस्त्याने जाणारे स्कूटर थांबवून विचारायचे, कसली झाडं ही? कांदा म्हटलं तर त्यांना पटायचं नाही. पेडण्याच्या माणसाला कांदा ओळखू येईना!

मुलगी आली सकाळच्या विमानाने. मोपाहून घरी यायला वेळ तो कितीसा! आईला मिठी मारली, चहा घेतला, आणि कोप धुवायला मोरीशी गेली. तिथल्यासारखीच. आम्ही दोघं मागे उभे. बायकोने माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती.

मुलीने नळ सोडला, मान वर केली आणि थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग वळली. ती काही खुळी नाही. तिच्याकडचे जांभळे, हे पांढरे.

"आई, माझं कुठलं?"

आता ही काहीतरी थाप मारणार, असं मला वाटलं. पण ती पुढे झाली, जनेलाशी गेली, मुलीच्या शेजारी उभी राहिली.

"तुजा मी मोडलंय गो. डेंगळो समजान हात गेलो. फुलूकच नाय तां. तुका खोटा सांगलंय." मग बाहेरच्या पांढऱ्या गोळ्यांकडे बोट केलं. "तुज्या जनेलातला माका दिसूक नाय. म्हणान माज्या जनेलातला तुका दाखवतंय."

मुलीने ओल्या हातांनीच तिला धरलं. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून बाहेर बघत होत्या, आणि कोण रडतंय ते पाठीमागून कळत नव्हतं. नळ तसाच वाहत होता. शेवटी मीच जाऊन बंद केला.